फक्त हात बघायचे

मी वजनकाटे तपासतो. सरकारी नोकरी. दुकानांत, गोदामांत जायचं, पेटीतून आपली प्रमाणित वजनं काढायची, समोरच्याचा काटा खरं बोलतोय का ते बघायचं आणि मगच शिक्का मारायचा. चोवीस वर्षांत मी कोणाच्या गोड बोलण्यावर शिक्का मारलेला नाही. घरीसुद्धा माझी तीच खोड. आमची ही म्हणायची, "तुम्ही चहात साखर घालतानासुद्धा चमच्याकडे संशयाने बघता." बघत असेन. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकून कोणी मला खुळ्यात काढणार नाही.

हिला दीड वर्षापासून दम लागत होता. सुरुवातीला आम्ही वयावर ढकललं, मग वजनावर, मग हवेवर. शेवटी छातीचा फोटो काढला तेव्हा कळलं की उजवं फुफ्फुस खालून आवळत चाललंय. औषधाने ते थांबलं तर थांबेल, मागे फिरणार नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. आणि मागच्या दोन तपासण्यांत ते थांबल्याचंही दिसत नव्हतं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. पायऱ्या चाळीस. ती तेराव्या पायरीवर थांबायची, मग विसाव्या, मग सव्विसाव्या, आणि पुढे मी मोजणं सोडून द्यायचो. मी मागे पिशव्या घेऊन उभा राहायचो आणि जणू काही झालंच नाही असा विजेचं बिल वाचत बसायचो. तिच्या छातीतून श्वासाबरोबर एक बारीक शिट्टी वाजायची. ती ऐकत मी ते बिल इतक्यांदा वाचलं असेल की मीटरचा नंबर अजून पाठ आहे. तिच्याशिवाय मला जगता येणार नाही, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. म्हणून आम्ही त्यावर बोलत नव्हतो.

जंगलात गाडी घालायचं खूळ माझ्या दोन मित्रांचं. एक मिस्त्री, माझ्या वर्गातला, आता स्वतःचं गॅरेज आहे. दुसरा गुरुजी, शाळेत भूगोल शिकवतो. दर दोन-तीन महिन्यांनी हे दोघे मिस्त्रीच्या जुन्या जीपगाड्या घेऊन रानात घुसायचे आणि चिखलाने माखून परत यायचे. मला कितीदा तरी बोलावलं. चांगला रस्ता असताना रस्ता सोडून जायचं, म्हणजे विकतचं दुखणं, असं माझं ठाम मत. पण यावेळी मिस्त्री घरी आला आणि मी काही बोलायच्या आत हीच म्हणाली, "आम्ही येतो."

"अगं, तुला झेपणार आहे का?"

"गाडी चढणार, मी थोडीच चढणार? दीड वर्ष पायऱ्याच बघतेय मी. एकदा झाडं बघू दे."

मी मिस्त्रीला विचारलं, निघायचं किती वाजता.

शनिवारी सकाळी आठला आम्ही जंगलाच्या तोंडाशी पोहोचलो. डांबरी रस्ता संपतो तिथे एक बंद पडलेली लाकडाची वखार आहे, तिच्या अंगणात मिस्त्रीने दोन्ही गाड्यांच्या टायरमधली हवा कमी केली. हवा कमी असली की टायर पसरतो आणि मऊ जमिनीत रुतत नाही. मी खिशातून माझं मापक काढून चारही चाकं तपासली. एकात थोडी जास्त होती, ती सोडली.

"झालं का शिक्का मारून?" मिस्त्री म्हणाला. "आता ऐक. पुढे तीन ओढे लागतील. तिथे ड्रायव्हरला चाकाखालचं काही दिसत नाही. म्हणून एकाने उतरायचं, पुढे उलटं चालायचं आणि हाताने गाडी बोलवायची. असं केलं की ये. असं, डावीकडे. असं, उजवीकडे. दोन्ही मुठी आवळल्या की जागच्या जागी थांब. आणि तू फक्त हात बघायचे. दगड बघायचे नाहीत, पाणी बघायचं नाही, तोंडाकडे तर मुळीच बघायचं नाही."

"तोंडाकडे का नाही?"

"तोंडावर भीती दिसते. ती बघून ड्रायव्हर आपली अक्कल चालवतो आणि गाडी उलटते. हात दिसेनासे झाले तर ब्रेक. बाकी तुझं डोकं घरी ठेव."

आमच्या गाडीला हात कोणी दाखवायचे, यावर थोडी झकाझकी झाली. मी म्हटलं, गुरुजी दोन्ही गाड्यांना दाखवतील. ही म्हणाली, "बावीस वर्षांत तुम्ही माझं कधी ऐकलंत? आज तरी ऐकावं लागेल. दहा पावलं तर चालायचंय." मिस्त्री हसला. मीही हसलो, पण तिचा दम्याच्या औषधाचा पंप गिअरजवळच्या खणात आहे ना, ते पुन्हा एकदा बघून घेतलं.

पहिले दोन ओढे म्हणजे नुसता ओलावा होता. ती करडा स्वेटर घालून उतरली, बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या, दगडांवरून पलीकडे गेली आणि मला हातांनी बोलवून घेतलं. मी गेलो. दोन्ही वेळा परत गाडीत बसताना तिला धाप लागली, दोन्ही वेळा तिने पंप ओढला आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसली. पण डोळे उघडले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दीड वर्षात बघितलं नव्हतं. मला वाटलं, हिला इथे आणलं हे बरं केलं. खरंच फार बरं वाटलं.

तिसऱ्या ओढ्याशी आलो तेव्हा पावणेबारा झाले होते. झाडं इथे सरळ आणि उंच, खोडांवर शेवाळ, आणि वरून येणारा उजेड कुठून येतोय ते कळत नव्हतं. धुकं नव्हतं. तरी पन्नास पावलांपलीकडचं सगळं थोडं फिकट दिसत होतं. मिस्त्रीची गाडी ओढा ओलांडून वळणामागे गेली. गुरुजींनी मागे बघून हात हलवला.

ही उतरली. पाणी घोट्याएवढं. पलीकडे जाऊन वळली, हात वर केले. ये.

मी गाडी पाण्यात घातली. मध्यावर पुढचं डावं चाक एका दगडावर चढलं आणि बॉनेट इतकं वर आलं की काचेत फक्त झाडांचे शेंडे राहिले. हात दिसेनासे झाले. नियमाने मी ब्रेक दाबायला हवा होता. पण चाक घसरायला लागलं होतं, आणि मला वाटलं, थांबलो तर इथेच रुतणार. मी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी वर गेली, थोडी वळली, धपकन खाली आली.

समोर हात होते. ये.

मी सुटकेचा श्वास टाकला आणि निघालो. पलीकडची जमीन मऊ निघाली. पानांचा जाड थर, त्याखाली काहीतरी लवचीक. गाडी हिंदकळत नव्हती, तरंगत होती म्हणा. मला वाटलं आता ती मुठी आवळेल आणि येऊन बसेल. पण तिचे हात बोलवतच राहिले, आणि खरं सांगतो, मलाही थांबावंसं वाटेना. इंजिनचा आवाज होता, पण शेजारच्या खोलीत चालू असल्यासारखा. ओल्या सालीचा वास येत होता. उजेड हिरवट, सगळीकडे सारखा, कशाचीही सावली नव्हती. आणि मधोमध ते दोन हात. थोडं डावीकडे. ये. आता उजवीकडे. ये.

बावीस वर्षांत मी तिचे हात इतका वेळ कधी बघितले नव्हते. ताट पुढे करताना, बटण लावताना, दार उघडताना दिसले असतील तेवढेच. किती मोकळे हलतात हे हात, असं वाटलं. किती भरवशाचे. मी जन्मभर दुसऱ्याचं माप स्वतः तपासल्याशिवाय मानलं नाही, आणि इथे मी न विचारता स्टेअरिंग फिरवत होतो आणि मला इतकं हलकं वाटत होतं की डोळ्यांत पाणी आलं. दगड बघितला नाही. वाट बघितली नाही. ती जिकडे म्हणेल तिकडे गेलो.

मध्येच कधीतरी, सवयीने, माझी नजर घड्याळावर गेली. साडेबारा. मग किलोमीटरच्या आकड्यावर. ओढ्याशी थांबलो तेव्हा मी तो आकडा मनात टिपला होता. मी सगळे आकडे टिपतो. आता तो दोनने पुढे होता.

दोन किलोमीटर. चढ. उलटं चालत.

मी हिशेब दोनदा केला. हात बोलवत होते. त्यांचा वेग कमी झाला नव्हता.

तेवढ्यात डॅशबोर्डवरचा वॉकीटॉकी खरखरला. गाड्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून मिस्त्रीने दोन्हीकडे एकेक ठेवला होता.

"अरे, कुठे आहेस तू?" मिस्त्रीचा आवाज.

"तुमच्या मागेच. चढावर."

"कसला चढ? इथे चढ नाहीये कुठे. हे बघ, आम्ही परत ओढ्यावर आलोय. वहिनी इथे उभ्या आहेत. म्हणतात, मी मुठी आवळून थांबा थांबा करत होते, आणि हे मला वळसा घालून निघून गेले."

मी हातांकडे बघत होतो. थोडं डावीकडे, म्हणाले ते. मी स्टेअरिंग थोडं डावीकडे घेतलं.

"ऐकतोयस का? वहिनींना देतो."

खरखर. मग तिचा आवाज.

"अहो."

मी हातांवरून नजर काढली नाही.

"अहो, मी इथे दगडावर बसलेय. तुम्ही कुठे निघालात?" मध्ये तिने श्वास घेतला. "पंप गाडीतच राहिलाय. जरा लवकर या."

प्रत्येक दोन शब्दांमध्ये ती शिट्टी वाजत होती. ती शिट्टी मी लाखांत ओळखली असती. चाळीस पायऱ्यांवर, दीड वर्ष, रोज.

समोर दोन्ही मुठी आवळल्या गेल्या. थांब.

मी थांबलो, आणि नियम मोडून वर बघितलं.

तीच होती. करडा स्वेटर, कानामागे खोचलेले केस, बुटांना चिखल. चालून गाल लाल झाले होते. तोंड मिटलेलं होतं आणि ती नाकाने सावकाश श्वास घेत होती. माझ्याकडे बघून हसली, जशी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायची.

ती आली, दार ओढून शेजारी बसली. तिच्या साबणाचा वास आला.

"कोण बोलतंय?" तिने विचारलं.

"मिस्त्री."

"काय म्हणतोय?"

वॉकीटॉकीतून श्वास ऐकू येत होता. शब्द नव्हते आता, नुसता श्वास. आत, शिट्टी, बाहेर. पंप आमच्या दोघांच्या मध्ये, गिअरजवळच्या खणात होता.

गाडी मागे वळवायला जागा होती. हे मला सांगायलाच हवं. एक काय, दोन गाड्या वळल्या असत्या एवढी मोकळी जागा होती, आणि आमच्या चाकांच्या खुणा पानांवर इतक्या स्पष्ट होत्या की आंधळासुद्धा त्यांवरून परत गेला असता.

मी शेजारी कान देऊन ऐकलं. तिच्या छातीतून काहीच आवाज येत नव्हता.

"या म्हणतोय," मी म्हटलं आणि बटण फिरवून वॉकीटॉकी बंद केला.

पुढे उतार लागला. दहा मिनिटांत झाडं विरळ झाली आणि एका गवताळ सपाटीवर मिस्त्रीची गाडी दिसली. ते दोघे बॉनेटवर थर्मास ठेवून चहा पीत होते. मला बघून मिस्त्रीने तिसरा कप भरायला घेतला.

"तुम्ही ओढ्यावरून कधी आलात?" मी विचारलं.

"म्हणजे? तुझ्या पुढेच तर आहोत की मघापासून."

"तू मला वॉकीटॉकीवर बोललास ना?"

"कशाला बोलू? आरशात दिसत होतास सारखा." तो हिच्याकडे वळला. "वहिनी, तिसऱ्या ओढ्यावर मात्र मानलं तुम्हाला. याच्यासारख्या माणसाला एका दमात पार केलंत."

"ऐकलं त्यांनी माझं," ती म्हणाली आणि कप घेतला.

मी उगाच चाकांची हवा पुन्हा तपासायला लागलो. गुरुजी म्हणाले, पहिल्या खेपेला सगळ्यांचं असंच होतं. मी मान हलवली. मला दुसरं काही नको होतं, हेच ऐकायचं होतं. वॉकीटॉकीत कसले कसले आवाज येतात, डोंगरात घुमतात, दमलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं. ती माझ्यासमोर उभी राहून चहात बिस्किट बुडवत होती. आणखी काय पुरावा हवा?

संध्याकाळी ती चाळीस पायऱ्या न थांबता चढली. मी खाली जिन्याच्या तोंडाशी उभा राहून तिची पावलं ऐकत होतो. वरून तिने हाक मारली, "येताय ना?" मी तिथेच पायरीवर बसलो आणि पोरासारखा रडलो.

त्यानंतरचे तीन महिने इतके सुखाचे गेले की सांगायला लाज वाटते. तिला सगळं आठवत होतं. माझ्या आईचं शेवटचं आजारपण, आमचं पहिलं भाड्याचं घर, तिथला गळका नळ, मी कोणत्या गोष्टीवर चिडतो आणि किती वेळ. ती बाजारात जायची, गच्चीत कपडे वाळत घालायची, काम करता करता गुणगुणायची. गोळ्या तिने बंद केल्या. लागतच नाहीत म्हणाली. एखाद्या काट्याबद्दल जराशी शंका आली की मी पुन्हा वजन टाकतो. इथे मी टाकलं नाही. मिस्त्रीने दोनदा जंगलात बोलावलं. दोन्हीदा मी काम काढलं.

तपासणीची तारीख उलटून गेली होती. मी तर टाळतच होतो, पण तीच म्हणाली, "एकदा दाखवून टाकू. तुमच्या जिवाला घोर नको." जुने डॉक्टर बदलून गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या, शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी नवा फोटो काढायला लावला. तो आणि मागचा, दोन्ही शेजारी शेजारी उजेडाच्या पाटीवर लावले आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," त्या हिला म्हणाल्या. "स्वच्छ आहे सगळं."

"तेच मी म्हणत होते," ही म्हणाली.

"पण हा जुना फोटो तुमचा नाही." त्यांनी पेन टेकवलं. "फुफ्फुसाचं एक वेळ बाजूला ठेवू. हाडं बघा. या बाईंची डावीकडची बरगडी लहानपणी मोडून जुळलेली आहे. तुमची अखंड आहे. गळपट्टीच्या हाडाची ठेवणसुद्धा वेगळी. ही दोन माणसं आहेत."

बायको सात वर्षांची असताना पेरूच्या झाडावरून पडली होती. सासूबाई ते हजारदा सांगायच्या.

"लेबलवर नाव तर यांचंच आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"अदलाबदल झाली असेल. होतं कधीकधी." त्या अजून जुन्या फोटोकडेच बघत होत्या. "मला काळजी वेगळीच आहे. तुमचा चांगला फोटो त्या बाईंच्या नावावर गेला असेल, तर आपल्याला काही झालेलं नाही असं समजून त्या कुठेतरी उपचारांशिवाय बसल्या असतील. हा तर तीन-चार महिन्यांपूर्वीचाच आहे. यांना एका दिवसाचाही उशीर चालण्यासारखा नव्हता." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला काही कल्पना आहे का, कोण असतील या?"

मी चोवीस वर्षं खोट्या काट्यांसमोर उभा राहिलोय. खोटं बोलणारा माणूस कुठे बघतो ते मला नेमकं माहीत आहे. मी तिथेच बघितलं आणि म्हटलं, "नाही."

त्यांनी जुना फोटो काढून पाकिटात घातला आणि चौकशीसाठी बाजूला ठेवला.

आम्ही बाहेर आलो. लांब कॉरिडॉर, धुतलेली फरशी, बाकावर बसलेली माणसं. तिने माझ्या हातात हात घातला. तिचा हात उबदार होता. जिन्याशी आलो. मी कठडा धरून थांबलो आणि मला हवा पुरेना. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला तो दगड दिसला, आणि त्यावर बसून वाटेकडे बघणारी ती.

शेजारची जराही घाबरली नाही. माझी पाठ चोळत थांबली, जशी मी तिची चोळायचो.

"नका मनाला लावून घेऊ," ती हळूच म्हणाली. "फार वेळ नाही लागला तिला."